वायुरोध, वाहनांचा
चालत्या वाहनाच्या गतीस हवेकडून होणाऱ्या विरोधास वायुरोध म्हणतात. वाहनाच्या बाह्य आकारात योग्य फेरफार करून तो कमी केल्यास तेवढेच अंतर कमी इंधनात कापता येते. मात्र ही बचत वाहनाचा वेग व मार्गाचे स्वरूप यांवर अवलंबून असते.

हवेची घनता, वाहनाचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, आकारानुसार ठरणारा रोधगुणांक आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मा वायुरोध असतो. वेग दुप्पट झाल्यास रोध चौपट होतो व त्यावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. ट्रक, बस यांसारख्या पेटीवजा वाहनांत पृष्ठभागाशी होणारे हवेचे घर्षण गौण असते. दर्शनी भागावर दाब वाढतो, मागील बाजूस भोवरे निर्माण होऊन दाब घटतो आणि दाबांतील हा फरक वाहनास मागे ओढतो. म्हणून पुढच्या कडांइतकेच मागच्या कडांकडेही लक्ष द्यावे लागते; सामान्यतः ते दिले जात नाही.

एडमुंट रुम्पलर यांनी १९२१ मध्ये थेंबाच्या आकाराची मोटारगाडी बनविली. लांब निमुळती शेपटी रस्त्यावर गैरसोयीची असल्याने ती मध्येच छाटूनही बराच लाभ राखता येतो, हे व्हुनिबाल्ट काम यांच्या १९३०–४० या दशकातील कार्यामुळे स्पष्ट झाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर मालवाहनांचाही या दृष्टीने पद्धतशीर अभ्यास होऊ लागला.

पुणे–बंगळूरू महामार्गाचा सातारा व सांगली जिल्ह्यांतील भाग या विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. एकूण १६ टन वजनाचा, ८ चौ. मी. दर्शनी क्षेत्रफळाचा व ०·७ रोधगुणांकाचा ट्रक उदाहरणादाखल घेऊ. समुद्रसपाटीपासून सु. ६००–७०० मी. उंचीवर हवेची घनता दर घ.मी.ला सु. १·१ किग्रॅ. धरल्यास, सातारा–कराड–पेठ या बऱ्याचशा सपाट पट्ट्यात ताशी ७२ किमी. वेगाने जाताना त्यास सु. १,२३० न्यूटन वायुरोध होतो. चाकांचा लोटणरोध सु. १,१०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ तेवढाच असतो. येथे वायुरोध १५ टक्क्यांनी घटविल्यास एकूण रोध सु. ८ टक्के कमी होतो. त्याउलट खंबाटकीसारख्या घाटात २५ मी.ला १ मी. चढ धरल्यास केवळ चढासाठी सु. ६,२८० न्यूटन प्रेरणा लागते, तर ताशी १८ किमी. वेगास वायुरोध अवघा ७७ न्यूटन असतो. तेथे आकार कितीही सुधारला, तरी उपयोग नाही. गळीत हंगामात साखर कारखान्यांकडे संथपणे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनाही हेच लागू पडते. त्यांच्या मालकांनी चाकांतील हवा व वंगण यांकडे लक्ष देणे अधिक फायद्याचे.

महामार्गावरील ट्रकांसाठी केबिनच्या टपावर वक्र विक्षेपक बसविणे, केबिन व हौदा यांतील फट कमी करणे, कडा गोलसर करणे आणि चाकांमधील मोकळ्या जागेस बाजूने पडदे लावणे हे उपाय आहेत. हौदा रिकामा किंवा माल केबिनपेक्षा ठेंगणा असेल, तर उंच विक्षेपकाने रोध उलट वाढू शकतो. फडफडणारी ताडपत्री ताणून बांधणे व टपावर माल न लादणे यांस जवळजवळ काहीच खर्च येत नाही. वरील ट्रकाचा वेग ताशी ७२ वरून ५४ किमी. केल्यास सपाटीवर एकूण रोध सु. २३ टक्क्यांनी घटतो. कोणत्याही जोडसाधनाने सहसा एवढा लाभ होत नाही. अर्थात त्यामुळे फेरीस वेळ जास्त लागतो, आणि नाशवंत द्राक्षे वाहणाऱ्यास तो परवडेलच असे नाही.

विकिरकाकडे जाणारी हवा अडविणारे आच्छादन इंजिन तापविते. चाके झाकल्याने गतिरोधक निवण्यास अडथळा येतो व घाट उतरताना ते निकामी होण्याचा धोका संभवतो. वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्बंध आहेत.