नाहूरच्या सोसायटीतला कथकचा क्लास न्यू जर्सीत कसा पोहोचला?

शनिवारी संध्याकाळी साडेसातला नाहूरच्या एखाद्या टॉवरच्या सोसायटी हॉलमधून 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' ऐकू आलं, तर कुणी वळूनही बघत नाही. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं हे स्टेशन सुरू झालं २००६ मध्ये. एलबीएस रोडवरच्या जुन्या कंपन्यांच्या जागी टॉवर आले, टॉवरमध्ये कुटुंबं आली. आणि मुलं आली की ॲबॅकस, कराटे, ड्रॉइंग यांच्या पाठोपाठ कथक आणि भरतनाट्यमचे क्लासही येतात.

त्याच वेळी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सकाळचे दहा वाजलेले असतात. तिथेही शनिवार, तिथेही एक हॉल, तिथेही दुपट्टा कमरेला बांधलेल्या पंधरा-वीस मुली. आणि बोल तेच.

समजा, यातल्या दोघी मावसबहिणी आहेत. एक नाहूरची, एक एडिसनची. दोघींची यंदा कथकची 'प्रवेशिका पूर्ण' आहे. अभ्यासक्रम एकच, ताल तेच, सर्टिफिकेट देणारी संस्थाही एकच.

परदेशातल्या नृत्यशाळांची बातमी आपल्याकडे येते ती बहुतेक वेळा फोटोच्या रूपात. मोठं स्टेज, झगमगीत पोशाख, खाली 'सातासमुद्रापार भारतीय संस्कृतीचा झेंडा'. पण क्लास झेंड्यावर चालत नाही. तो चालतो फी, जागा, व्हिसा आणि परीक्षा यांच्यावर. त्यातली परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तिच्याबद्दलच फार कमी बोललं जातं.

आधी स्टार गेले, मग क्लास

भारतीय नृत्य परदेशात गेलं ते आधी कलाकारांसोबत. १९३० च्या दशकात उदय शंकर यांनी युरोप-अमेरिकेतली थिएटर्स गाजवली. १९६२ मध्ये भरतनाट्यमच्या टी. बालसरस्वती अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात शिकवायला गेल्या. कथकचे पंडित चित्रेश दास सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पोहोचले आणि १९८० मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात 'छंदम' ही शाळा काढली. लंडनमध्ये तर आपल्या मुंबईचीच संस्था गेली. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९३८ मध्ये इथे स्थापन केलेल्या भारतीय विद्या भवनाचं लंडन केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं. वेस्ट केन्सिंग्टनमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत तिथे आजही नृत्य-संगीताचे वर्ग भरतात.

पण हे सगळं मोठ्या नावांचं. गल्लीतला क्लास परदेशात जायला वेगळी कारणं लागली. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने देशानुसार ठरलेला जुना कोटा मोडला आणि भारतातले डॉक्टर, इंजिनिअर जायला लागले. १९९० च्या कायद्यातून आजचा एच-वन-बी व्हिसा आला आणि मग आयटीवाल्यांची लाट गेली. ठाणे, मुलुंड, डोंबिवली, पुणे इथली घरं त्यात होती. ज्या घरातला मुलगा गेला, त्या घरातली सूनही गेली, आणि तिच्या बॅगेत बऱ्याचदा घुंगरू होते.

अर्चना जोगळेकर यांचं उदाहरण

'निवडुंग'मुळे मराठी प्रेक्षकांच्या लक्षात राहिलेल्या अर्चना जोगळेकर आठवतात? त्या अभिनेत्री म्हणून माहीत असल्या, तरी मुळात कथक नृत्यांगना. त्यांच्या आई आशा जोगळेकर याच त्यांच्या गुरू. आशाताईंनी साठच्या दशकात मुंबईत 'अर्चना नृत्यालय' सुरू केलं. पुढे अर्चना अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि १९९९ मध्ये त्याच नावाने न्यू जर्सीत शाळा सुरू केली.

म्हणजे मुंबईत आईचा क्लास, न्यू जर्सीत मुलीचा. मधे एक फिल्मी करिअर. प्रसिद्ध चेहरा असला की पहिली बॅच भरते, हे खरं. पण दुसरी, पाचवी, दहावी बॅच चेहऱ्यावर भरत नाही. 'आमच्या मुलीला इथे नक्की काय येईल आणि ते आलंय हे आम्हाला कसं कळेल?' हा प्रश्न आईवडील तिथेही विचारतात. बॅले किंवा पियानो शिकवणाऱ्या क्लासकडे याचं उत्तर तयार असतं, कारण तिथे लेव्हल असतात. कथककडे होतं का?

होतं. आणि ते मिरजेहून आलं.

मिरजेची परीक्षा

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तोवर संगीत शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, गुरू देईल तेव्हा आणि देईल तेवढं घ्यायचं. पलुस्करांनी वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तकं आणि स्वरलिपी आणली. त्यावर तेव्हा टीकाही झाली, की अशाने कारखाना होईल, कलाकार नाही. (टीका अजून संपलेली नाही.) १९३१ मध्ये पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. मंडळाचं मुख्यालय मिरजेत. परीक्षा गायन-वादनाच्या होत्या, पुढे नृत्याच्याही आल्या.

प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. विशारदपर्यंत सात पायऱ्या, त्यावर अलंकार. वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. कोणत्या पायरीला कोणता ताल, किती तोडे-तुकडे, काय तोंडी, काय लेखी, सगळं छापलेलं.

ही शिडी दिसायला साधी आहे, पण परदेशात क्लास काढणाऱ्या ताईसाठी ती फार मोठी गोष्ट ठरली. तिला स्वतःचा अभ्यासक्रम बनवावा लागत नाही. पालकांना दाखवायला टप्पे मिळतात. एखादं कुटुंब नोकरीमुळे न्यू जर्सीतून टेक्ससला गेलं, तर मुलगी तिथल्या क्लासमध्ये पुढच्या पायरीवरून सुरू करू शकते. आणि ताईने स्वतः मुलुंडमध्ये केलेली विशारद तिथल्या पालकांना समजावून सांगता येते. आज मंडळाच्या परीक्षा परदेशातही होतात.

ब्रिटनमध्ये गोष्ट थोडी वेगळ्या वाटेने गेली. तिथे बॅले आणि बॉलरूमच्या परीक्षा घेणाऱ्या 'इम्पिरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग' या १९०४ मधल्या जुन्या संस्थेने कथक आणि भरतनाट्यमच्याही ग्रेड परीक्षा सुरू केल्या. म्हणजे तिथली मुलगी मिरजेच्या शिडीऐवजी लंडनच्या शिडीने चढू शकते.

नाहूरच्या मावसबहिणीला या परीक्षेचा एक जास्तीचा फायदा आहे. महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या ठरावीक परीक्षा पास झालेल्यांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. इथल्या क्लासमधली गर्दी वाढण्यात त्याचा वाटा किती, हे कुठल्याही ताईला विचारा. एडिसनवालीला असे गुण नाहीत. तिच्यासाठी तेच सर्टिफिकेट कॉलेजच्या अर्जातली एक ओळ होतं.

फी घेता येत नव्हती!

आता व्हिसाचा भाग, कारण तो सगळ्यात कमी माहीत आहे.

एच-वन-बीवर गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला एच-फोर व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण काम करून पैसे कमावता येत नाहीत. म्हणजे इथे विशारद झालेली, दहा वर्षं शिकवलेली बाई तिथे जाऊन घरात बसणार. शेजारच्या दोन मुलींना हौसेने शिकवणं वेगळं आणि फी घेऊन रीतसर शाळा चालवणं वेगळं.

मे २०१५ मध्ये हे थोडं बदललं. ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापुढे गेली आहे, अशा एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळू लागली. त्यानंतर तळघरातला हौशी वर्ग बोर्ड लावून, हॉल भाड्याने घेऊन चालवणं कित्येकींना शक्य झालं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे धोरण उलटं फिरलं की क्लासही हलतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर्सचं शुल्क जाहीर केलं. ही बातमी सगळीकडे आयटी कंपन्यांची म्हणून वाचली गेली. पण नवी कुटुंबं गेली नाहीत, तर नव्या विद्यार्थिनी नाहीत आणि नव्या ताईही नाहीत.

'त' आणि 'ट'

परीक्षा एक असली, तरी शिकणं एकसारखं नसतं.

कथकमध्ये पढंत असते, म्हणजे नाचायच्या आधी हाताने ताल देत बोल म्हणायचे. परीक्षेत त्यालाही गुण असतात. नाहूरची मुलगी 'तत्' आणि 'तिगदा दिगदिग' सहज म्हणते. एडिसनमध्ये वाढलेल्या मुलीच्या इंग्रजी कानाला 'त' आणि 'ट' यांच्यातला फरक चटकन सापडत नाही. तिच्या वहीत बोल रोमन लिपीत असतात आणि तिथे दोन्हींना एकच अक्षर. त्यामुळे कित्येक ताईंना तिथे तत्कारासोबत जिभेचे धडेही द्यावे लागतात. घरात मराठी बोलणाऱ्या मुलींचं हे काम निम्मं झालेलं असतं.

मग लॉकडाउनमध्ये सगळे क्लास ऑनलाइन गेले आणि एक नवीच गंमत झाली. नाहूरमध्ये बसलेल्या ताईला न्यू जर्सीतल्या मुली शिकवता यायला लागल्या. पण एक अडचण होती, ती अजूनही आहे. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या, तर एक मात्रा होते पाव सेकंदाची. इंटरनेटवर आवाज जाऊन परत यायला तेवढा उशीर सहज होतो. म्हणजे मुलीचा पाय समेवर पडला, तरी ताईला तो एक मात्रा उशिरा पडलेला दिसतो! तीनतालाच्या सोळा मात्रांत एक मात्रा चुकणं म्हणजे चुकणंच. म्हणून ऑनलाइन क्लासमध्ये ताई एकत्र टाळी देत नाहीत. मुली लेहरा आपल्याच घरी लावतात, व्हिडिओ करतात आणि पाठवतात. ताई तो बघून दुरुस्त्या सांगतात.

सुरुवातीच्या मुलींचं यावर भागतं. मध्यमेच्या पुढे समोर तबलजी लागतोच. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत, जून ते ऑगस्ट, इथले अनेक साथीदार तिकडे जातात. सांस्कृतिक कार्यक्रम आणि शिकवणीसाठी पी-थ्री नावाचा व्हिसा मिळतो. त्याच काळात तिथे अरंगेत्रम आणि रंगमंच प्रवेशांचा हंगाम असतो. हॉल, निमंत्रणपत्रिका, भारतातून आलेले साथीदार, माटुंग्यातून मागवलेले दागिने, दोन-तीनशे पाहुण्यांचं जेवण. खर्च बघता छोटं लग्नच. मुलीच्या आठ-दहा वर्षांच्या मेहनतीला स्टेज मिळतं, पण ज्या घराला हे परवडत नाही, त्या घरची मुलगी तयार असूनही मागे राहते, हेही तितकंच खरं आहे.

अठराव्या वर्षी काय?

आठव्या वर्षी सुरुवात केली आणि दरवर्षी एक पायरी चढली, तर विशारद पूर्ण व्हायला पंधरावं-सोळावं वर्ष लागतं. एखादं वर्ष चुकलं की सतरा-अठरा. आणि अमेरिकेत अठराव्या वर्षी मुलं घर सोडून दुसऱ्या शहरात कॉलेजला जातात. म्हणजे मुलगी शिकवण्याइतकी तयार होते, नेमकी तेव्हाच क्लास सोडते. नाहूरची मुलगी बारावीला थांबली, तरी घर सोडत नाही. एफवायला परत येऊन लहान बॅचला शिकवायला लागते.

त्यामुळे परदेशातल्या या शाळा विद्यार्थिनींनी भरलेल्या असल्या, तरी शिकवणाऱ्या बऱ्याचदा मुंबई-पुण्याहूनच जाव्या लागतात. जुन्या शाळा आता आपल्याच माजी विद्यार्थिनींना शाखा काढून देतायत, तिथेच वाढलेल्या काही जणी शिकवूही लागल्यात. पण अजून तरी मुख्य पुरवठा इथूनच आहे, आणि एक ताई तिकडे गेली की इथल्या सोसायटीतली बॅच नव्या ताईच्या शोधात असते.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातील. एडिसनची सकाळची दहाची ऑनलाइन बॅच नाहूरमध्ये साडेसातऐवजी साडेआठला सुरू होईल. परीक्षा त्याच सुमारास आहे, त्यामुळे ताईंना सोसायटीचा हॉल तासभर जास्त मागावा लागणार.