पायाचा ठेका आणि कागदावरची लय

चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडाची यात्रा भरते, तेव्हा आमच्या वणी गावातून भाविकांचे जथे गडाच्या पायथ्याच्या नांदुरीच्या वाटेला लागतात. आणि ज्या घरी लग्नकार्यानंतर देवीचा गोंधळ घालण्याचा कुळाचार आहे, त्या घरच्या अंगणात रात्री संबळ, तुणतुणे आणि झांज यांचा नाद उठतो. गोंधळाचा प्रारंभ संथ असतो. एकेका देवतेला आवाहन होत जाते तसतशी लय चढते, आणि मी ऐकलेल्या एका गोंधळात तर सहाच्या चालीने चाललेला संबळ एका क्षणी आठाच्या चालीत असा सहज शिरला, की ऐकणाऱ्या एकाचाही पाय चुकला नाही. हा पालट कागदावर उतरवून घ्यावा आणि संगणकाकडून तो जसाच्या तसा वाजवून घ्यावा, या उमेदीने मी स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरपुढे बसलो, तेव्हा ध्यानात आले, की सूर लिहिण्याची विद्या आपण जितकी सिद्ध केली तितकी लयीचा पालट लिहिण्याची केलेली नाही. त्या विद्येचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

लय म्हणजे काय, याचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे, आणि त्याचा एक मोठा टप्पा महाराष्ट्राच्याच भूमीवर पार पडला. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्याच्या मते तालाच्या एका क्रियेनंतर जी विश्रांती येते तीच लय. विश्रांती लांबली की लय विलंबित, आखडली की द्रुत. ही व्याख्या जितकी सूक्ष्म तितकीच उपयोगी आहे, कारण ती घड्याळाकडे पाहत नाही, दोन आघातांमधल्या अंतराकडे पाहते. भरतापासून चालत आलेला 'यती'चा विचारही त्याने मांडला आहे: आदी, मध्य आणि अंत यांत एकच लय असेल ती समा यती, विलंबितात निघून द्रुतात पोचते ती स्रोतोगता, आणि द्रुतातून संथ होत जाते ती गोपुच्छा. आमच्या अंगणातला गोंधळ स्रोतोगतेचा आहे, हे सांगायला कोणत्याही परकीय संज्ञेची गरज पडत नाही.

लयीच्या पालटाला संज्ञा होती, खूण मात्र नव्हती. आज रूढ असलेल्या खुणांची दप्तरे उघडली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, आणि ती दोन महाराष्ट्रीयांनी. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मराठी ग्रंथ १९१० पासून प्रसिद्ध होऊ लागला, आणि पुढे 'क्रमिक पुस्तक मालिके'तून त्यांनी शेकडो बंदिशी लिपिबद्ध केल्या. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते आमच्या नाशिकला येऊन राहिले, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. दोघांचे ध्येय एक, पण खुणांचा शिरस्ता इतका भिन्न, की भातखंड्यांच्या पानावर फुलीची खूण सम दाखवते, तर पलुस्करांच्या पानावर तीच फुली स्वराखाली आली तर चार मात्रांचे मान दाखवते. भातखंड्यांचे शून्य म्हणजे खाली, पलुस्करांचे शून्य म्हणजे अर्धी मात्रा. पलुस्करांनी दोन, एक, अर्धी, पाव अशा प्रत्येक मानाला वेगळे चिन्ह दिले. भातखंड्यांनी एका मात्रेत जितके स्वर असतील तितके एका अर्धचंद्रात बांधून काम भागवले. पहिली पद्धत अधिक काटेकोर आणि दुसरी अधिक सुबोध. छापखान्याला आणि विद्यार्थ्याला दुसरी सोयीची पडली, म्हणून तिचा अंमल अधिक बसला. परंतु लय मध्येच चढत असेल तर काय करावे, या प्रश्नाला दोन्हींत उत्तर नाही. बंदिशीच्या माथ्यावर 'विलंबित' किंवा 'मध्यलय' असा शब्द लिहिला, की लेखकाची जबाबदारी संपते आणि गुरूची सुरू होते.

एका प्रांतात मात्र आपली लिपी जगातल्या कोणत्याही लिपीच्या तोडीची आहे, आणि तो प्रांत लयकारीचा. आडलय घ्या. दोन मात्रांच्या अवकाशात तीन अक्षरे बसवायची, म्हणजे मूळ गतीच्या दीडपट चालायचे. त्रितालाचे सोळा बोल या चालीने म्हटले तर ते दहा पूर्ण दोन तृतीयांश मात्रांत संपतात. तेव्हा समेवर अचूक येऊन मिळायचे असेल, तर पाच मात्रा आणि वर एक तृतीयांश एवढा काळ सोडून बोल उचलावे लागतात. म्हणून परीक्षेला बसणारा विद्यार्थी सहावी मात्रा 'ऽ धा ऽ' अशी लिहितो, सातवी 'धिं ऽ धिं', आठवी पुन्हा 'ऽ धा ऽ', आणि अकरा मात्रांचे तेहेतीस भाग भरत समेला पोचतो. पहिला भाग रिकामा, उरलेले बत्तीस सोळा बोलांना प्रत्येकी दोन: हिशेबात तसूभरही तफावत राहत नाही.

याच दीडपटीच्या गणिताला पाश्चात्त्य संगीतात निराळे रूप मिळाले. तेथे गतीचा आकडा लिहिण्याची प्रथा मेल्झेल याने १८१५ मध्ये मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्राची सनद मिळवल्यानंतर रूढ झाली, आणि १८१७ मध्ये बीथोव्हेनने आपल्या सिम्फनींचे असे आकडे प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकन संगीतकार एलियट कार्टर याने १९४८ च्या आपल्या चेलो सोनाटामध्ये एक गती दुसऱ्या गतीच्या पोटातून काढण्याची रीत योजली. तिला 'मेट्रिक मॉड्युलेशन' हे नाव १९५१ मध्ये रिचर्ड फ्रँको गोल्डमन या समीक्षकाने दिले. मिनिटाला ६० ठोके चालू असताना दोन ठोक्यांत तीन स्वर वाजू लागले, आणि मग त्या तिनांतला प्रत्येक स्वर हाच नवा ठोका मानला, तर गती ९० होते. ही आपली आडलयच. परंतु भेद महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ताल स्थिर राहतो आणि गायक आडवाटेने हिंडून समेला परत येतो; तेथे पायाखालची भूमीच सरकते आणि परतीची सक्ती नसते. म्हणून तेथे खूण एका समीकरणाची करावी लागते: डावीकडे जुने मान, उजवीकडे नवे मान, मध्ये बरोबरीच्या दोन रेघा.

आता संगणकाकडे वळू. स्वरलेखनाची प्रमुख सॉफ्टवेअरे गेल्या चार दशकांतली आहेत: १९८८ चे फिनाले, ज्याचा विकास २०२४ च्या ऑगस्टमध्ये थांबवण्यात आला; १९९३ चे सिबेलियस; १९९६ मध्ये आरंभलेले, अक्षरी आज्ञांवर चालणारे मुक्त लिलिपाँड; तसेच मुक्त असलेले म्यूझस्कोअर; आणि २०१६ चे डोरिको. या सर्वांची घडण पाच रेघांच्या लिपीभोवती झाली आहे. कानाला जे ऐकवायचे आणि डोळ्याला जे दाखवायचे, ही त्यांच्या लेखी दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि गतीच्या बाबतीत ही फारकत फार जाणवते. डोरिको गतीच्या खुणांचे वर्गच पाडते: ठाम आकड्याची गती, क्रमाने चढणारी वा उतरणारी गती, आधीच्या मानाने सांगितलेली गती आणि समीकरणाची गती. म्यूझस्कोअरच्या चौथ्या पिढीत चढत्या लयीची रेघ पानावर ओढली की वाजवतानाही लय खरोखर चढते. लिलिपाँडमध्ये गतीचा आकडा कागदावर न छापता केवळ वाजवण्यापुरता देता येतो, आणि चढत्या लयीसाठी असे छुपे आकडे थोड्याथोड्या अंतराने पेरण्याची जुनी युक्ती आहे.

या यंत्रांच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते आपल्या वाचकाने जाणले पाहिजे. संगणकाला वादनाच्या आज्ञा देणाऱ्या मिडी फाइलमध्ये गती सांगितली नसेल तर मिनिटाला १२० ठोके धरले जातात. विलंबित ख्यालाची एक मात्रा चार सेकंदांची असेल तर गती १५ ठरते, आणि प्रचलित मेट्रोनोमची पट्टी तर ४० पासून २०८ पर्यंतची. अशा वेळी एका मात्रेचे चार भाग करून भागाला ६० ची गती द्यावी; तबलजीही तेच करतो, तो मात्रेचा अवकाश भरीच्या बोलांनी भरून काढतो.

आता पुन्हा त्या अंगणात येऊ. सहाच्या चालीत प्रत्येकी तीन आघातांचे दोन ठोके असतात. समजा, आघात मिनिटाला १८० पडतात, म्हणजे ठोके ६०. आता आठाच्या चालीत प्रत्येकी चार आघातांचे दोन ठोके. येथे दोन वाटा फुटतात. आघात पूर्वीइतकेच ठेवले तर ते १८० राहतात आणि ठोका ४५ वर उतरतो, पाय जड होतो. ठोका तोच ठेवला तर पाय ६० वर चालत राहतो आणि आघात २४० होतात, संबळ दाट होतो. मी प्रथम आघाताला आघात समान मानून लिहिले, आणि संगणकाने वाजवताच मन खट्टू झाले; ऐन चढाच्या जागी गोंधळ खाली बसला. दुसऱ्यांदा ठोक्याला ठोका समान असे समीकरण मांडले, म्हणजे पाश्चात्त्य लिपीत टिंबयुक्त चतुर्थांश स्वर बरोबर साधा चतुर्थांश स्वर, आणि त्या रात्रीचा नाद परत आला. दोन्ही वेळा संबळाचे बोल तेच होते. पालटली होती ती केवळ बरोबरीच्या चिन्हाच्या दोन बाजूंची नाती.

म्हणून माझे निवेदन एवढेच आहे, की लय लिहिताना 'किती वेगाने' हा प्रश्न दुय्यम आणि 'कशाच्या मानाने' हा प्रश्न प्रधान मानावा. आरंभी गतीचा आकडा एकदाच द्यावा. लय चढत असेल तेथे 'स्रोतोगता' असा शब्द लिहून रेघ ओढावी. आणि जेथे चाल पालटते तेथे काय कायम राहिले, हे समीकरणाने सांगावे. भातखंड्यांच्या लिपीत विभागाच्या रेघेवर असे समीकरण लिहिण्यास कोणताच प्रत्यवाय नाही, आणि जी सॉफ्टवेअरे आज ते वाचू शकतात ती उद्या देवनागरी स्वरलिपीतही वाचतील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. तोवर आपल्या गावचा गोंधळ, जागर किंवा भजन ज्याला टिपून ठेवायचे असेल, त्याने संबळावरचे आघात मोजण्यापूर्वी गोंधळ्याचा पाय कोठे पडतो ते प्रथम लिहून घ्यावे. बाकीचा हिशेब त्या पायावरून मांडता येतो.