पार्सलाचे लेबल छापताना कागद अडकल्यास

धारवाड जिल्ह्यातील कलघटगी हे तालुक्याचे गाव लाखेच्या रंगांनी रंगविलेल्या लाकडी पाळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. असा माल परगावी पाठविणाऱ्यास पार्सलावरील लेबल आता घरच्या प्रिंटरवर छापता येते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, तेव्हा सहा आकडे स्वच्छ लिहिले की काम भागत असे. आता लेबलावरील बारकोड यंत्रालाही वाचता यावा लागतो. कागद वाकडा जाऊन त्याच्या रेघा पुसटल्या, तर पार्सल वाटेत खोळंबते.

यंत्रास दोष देण्यापूर्वी कागद पाहावा. घाटालगतच्या या भागात पावसाळी हवा दमट असते. उघडा राहिलेला कागद ओल शोषतो, त्याच्या कडा वळतात आणि दोन-दोन ताव एकदम आत ओढले जातात. म्हणून कागद बंद पिशवीत ठेवावा, छापण्यापूर्वी गठ्ठा फडफडवून मोकळा करावा आणि ट्रेमधील कडेच्या पट्ट्या कागदास जेमतेम टेकवाव्यात. कागद घसरत असल्यास रबरी रूळ किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून वाळू द्यावा.

चिकट लेबलांचा अर्धवट वापरलेला ताव पुन्हा घालण्याचा मोह अनेकांस होतो. लेबल आत सुटून रुळास चिकटले, की ही काटकसर फार महागात पडते. इंकजेटसाठीचा ताव लेझर प्रिंटरमध्ये तर घालूच नये; उष्णतेने त्याचा गोंद पाघळू शकतो.

थर्मल प्रिंटरला शाई लागत नाही. उष्णतेने कागदच काळा होतो. लेबल कोरे आल्यास कागदावर नखाने जोरात ओरखडा काढावा. ज्या बाजूस काळी रेघ उमटते, ती छपाईची बाजू. मजकूर दोन लेबलांवर विभागला जात असेल, तर यंत्रास लेबलांमधील फट उमगलेली नसते. अशा वेळी संगणकातील माप तपासून माहितीपुस्तिकेप्रमाणे कॅलिब्रेशन करावे.

अडकलेला कागद काढताना प्रथम वीज बंद करावी. लेझर प्रिंटर निवू द्यावा. कागद ज्या दिशेने पुढे जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा; सुरी किंवा चिमटा वापरू नये. यानंतरची एक गोष्ट बहुधा ध्यानातून निसटते. यंत्र पुन्हा सुरू होताच तेच लेबल दुसऱ्यांदा छापले जाऊ शकते. जादा प्रत तेथेच फाडून टाकावी. एकाच क्रमांकाची लेबले दोन पार्सलांवर चिकटली, तर बारशासाठी मागविलेला पाळणा भलत्याच गावी जाऊन पोहोचतो.