बाटलीवरच्या रेघा

प्राथमिक शाळेत द्रव मोजायला शिकवण्याची रूढ पद्धत थोडक्यात अशी: फळ्यावर ‘1 लीटर = 1000 मिलिलीटर’ लिहायचे, लीटरचे माप किंवा त्याचे नुसते चित्र दाखवायचे आणि रूपांतराची दहा उदाहरणे सोडवून घ्यायची. 3 लीटर 250 मिलिलीटर म्हणजे 3250 मिलिलीटर हे चौथीतले मूल बिनचूक सांगते. त्याच मुलाला कोपऱ्यातली बादली दाखवून हिच्यात किती पाणी मावेल असे विचारा. ते तुमच्या चेहऱ्याकडे बघत आकडे फेकू लागते. यात मुलाचा दोष नाही. त्याने सोडवलेली उदाहरणे दशमान पद्धतीची होती, द्रवाशी त्याची गाठच पडलेली नाही. खुणांचे मोजपात्र या शिकवणीच्या सुरुवातीला नव्हे, शेवटाकडे यायला हवे, आणि पहिले मोजपात्र मुलांनी स्वतः केलेले असावे, असे माझे म्हणणे आहे.

लांबी मोजण्याचा विचार आधी करू. दोन पेन्सिली शेजारी धरल्या की कोणती मोठी ते दिसते. द्रवाचे तसे नाही. त्याला स्वतःचा आकार नसतो, जे भांडे मिळेल त्याचा तो घेतो, आणि डोळा मात्र पाण्याची उंचीच पाहतो. जिनिव्हात जाँ पियाजे यांनी मुलांपुढे दोन सारखे पेले सारखेच भरून ठेवले आणि एकातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले. साधारण सात वर्षांच्या आतली बरीच मुले म्हणाली, उंच पेल्यात जास्त आहे. यावरून मुलांचे वय होईपर्यंत थांबावे, असा सोयीस्कर निष्कर्ष अनेकांनी काढला. पण याच धर्तीच्या, सोंगट्यांच्या संख्येवरच्या प्रयोगात सुसान रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी 1974 मध्ये एक बारीकशी गोष्ट दाखवली: प्रश्न आधी एकदा आणि मांडणी बदलल्यावर पुन्हा असा दोनदा न विचारता, मांडणी बदलल्यावर एकदाच विचारला, तर मुले कमी चुकतात. मोठ्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला की आधीचे उत्तर चुकले असणार, हे शाळेत मूल फार लवकर शिकते! म्हणून ‘कुठे जास्त आहे?’ असे परतपरत विचारण्यापेक्षा पाणी परत ओतायला सांगावे. उंच पेल्यातले पाणी मूळ पेल्यात आले आणि पहिल्याच पातळीला टेकले, की शिक्षकाच्या होकाराची गरज राहत नाही.

पहिली पायरी फुलपात्र आणि तांब्याची. या तांब्यात किती फुलपात्री पाणी मावेल? आधी अंदाज सांगायचा, तो पाटीवर लिहायचा, मगच ओतायचे. एका गटाचे उत्तर चार येते, दुसऱ्याचे पाच, आणि खरा पाठ तिथून सुरू होतो. एकाने फुलपात्र काठोकाठ भरले, दुसऱ्याने सांडायच्या भीतीने बोटभर रिकामे ठेवले. कुणाचे थोडे पाणी ओतताना भांड्याच्या बाहेरून ओघळले. कुणी शेवटचे अर्धे फुलपात्र पूर्ण धरले, तर कुणी ते मोजलेच नाही. प्रत्येक वेळी सारखेच भरायचे, सांडायचे नाही आणि उरलेल्याचाही हिशेब ठेवायचा, हे मापनाचे नियम मुलांना या भांडणातून सापडतात. धान्याचे माप शीग लावून घ्यायचे की हात फिरवून सपाट, हा वाद बाजारात जुनाच आहे. पाण्याला शीग येत नाही, म्हणून ते मोजायला सोपे. (काठोकाठ भरलेल्या पेल्यात पाणी काठाच्या किंचित वर फुगून राहते, हे चौकस मुलाच्या नजरेतून सुटत नाही. त्याला गप्प करू नये.)

आता बाटली. थंड पेयाची रिकामी, पारदर्शक बाटली घ्यायची, तिच्यावर उभी कागदी पट्टी चिकटवायची आणि ती सपाट बाकावर ठेवायची. एका छोट्या पेल्याने पाणी ओतायचे. प्रत्येक पेल्यानंतर पाण्याच्या पातळीला रेघ. बहुतेक मुले दोन-तीन रेघा झाल्या की पट्टी घेऊन पुढच्या रेघा सारख्या अंतरावर मारून टाकायला बघतात. मारू द्याव्यात, पण दुसऱ्या रंगाने. मग पेले ओतत जायचे. या बाटल्यांचा तळ खाली पायांसारखा फुगलेला आणि मध्ये आत गेलेला असतो, त्यामुळे तळाशी जागा कमी आणि पहिली रेघ अपेक्षेपेक्षा वर जाते. मधल्या सरळ भागात रेघा शहाण्यासारख्या समान अंतरावर येतात. खांद्यापासून मानेकडे बाटली निमुळती होते तशा त्या एकमेकींपासून लांब पळू लागतात, आणि पट्टीने आखलेला रंग खोटा पडतो. पेला तोच आहे, म्हणजे पाणी तेवढेच आहे. मग रेघ एवढी वर का गेली? पियाजेच्या उंच पेल्याचा प्रश्न इथे उलटा येतो आणि त्याचे उत्तर मुलाच्याच हातात असते. यानंतर बादली पुढे ठेवावी. ती वर रुंद होत जाते, तर तिच्या रेघा कशा पडतील? ओतण्याआधीच ‘जवळजवळ येतील’ असे जे मूल म्हणते, त्याला धारकता कळू लागली आहे. पातळी वाचतानाचा डोळाही इथेच घडतो: वरून वाकून पाहिले तर एक वाचन, डोळा पातळीच्या रेषेत आणला तर दुसरे. बाटली उचलून डोळ्यापाशी नेली की ती कलते. वाकायचे आपण, बाटलीने नव्हे.

यावर आक्षेप आहेत. चाळीस मुलांच्या वर्गात पाणी म्हणजे चिखल, आणि वेळ कुठून आणायचा? गट करावेत, काम व्हरांड्यात करावे, शेवटी पाणी झाडांना घालावे; तेच पाणी पुन्हापुन्हा ओतता येत असल्याने दोन बादल्या पुरतात. टंचाईच्या गावात पाण्याशी खेळू नये, हा आक्षेप अधिक गंभीर आहे, पण टंचाईच्या गावालाच या शिक्षणाची गरज जास्त. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले, तेव्हा एका वाघिणीत सुमारे 50,000 लीटर पाणी होते. 15 लीटरची कळशी धरली तर 3,300 हून अधिक कळशा. ज्याने कळशी पेल्याने भरून पाहिली आहे, त्यालाच या आकड्याचे वजन कळेल. परीक्षेत रूपांतरच विचारतात हे खरे. पण मराठी मुलाच्या जिभेवर पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच आधीपासून असतात. लीटरभर पाण्याची बाटली चार सारख्या पेल्यांत रिती झाली की 250, 500, 750 हे आकडे त्या शब्दांना आपोआप चिकटतात.

फुलपात्र हे काही माप नव्हे, घरी दूध लीटरनेच येते, मग थेट लीटरच का शिकवू नये, हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. फुलपात्रात आठवडा घालवू नये, एक-दोन तासिका पुरेत. पण त्या हव्यात, कारण दोन घरांची फुलपात्री जुळत नाहीत हे अनुभवल्याशिवाय लीटर कशासाठी हे कळत नाही. आपल्याकडचे जुने कोष्टक किती सुबक होते: दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तरी एका भागातली पायली दुसऱ्या भागात चालेलच असे नव्हते, आणि 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली ती या घोळावर तोडगा म्हणून. मुलांना लीटर दाखवायचाच तर आतून प्रत्येक बाजू 10 सेंटिमीटर असलेला पुठ्ठ्याचा उघडा डबा करून त्यात प्लास्टिकची पिशवी घालावी. तो भरला की एक लीटर. मोठ्यांचाही यात घोळ झालेला आहे: 1901 मध्ये लीटर एक किलो पाण्याच्या आकारमानावर बांधला गेला, तो या घनापेक्षा दहा लाखांत सुमारे 28 भागांनी जास्त भरला, आणि 1964 मध्ये पुन्हा घनावरच यावे लागले.

मग दुकानातले, शिक्का मारलेले लीटरचे माप आणावे आणि पेल्यांच्या रेघांशेजारी मिलिलीटरच्या रेघा घालाव्यात. बाजारातली ‘1 लीटर’ लिहिलेली पाण्याची बाटली तोंडापर्यंत भरली तर लीटरपेक्षा जास्त पाणी घेते. कंपनीने फुकट दिले का, असे मुले विचारतात, आणि आतल्या द्रवाचे माप वेगळे व भांड्याची धारकता वेगळी हे सांगायला याहून चांगली वेळ नाही. त्यानंतर क्षारसंजीवनीचे पाकीट. कुठले पाकीट एक लीटर पाण्यासाठी असते, कुठले 200 मिलिलीटरसाठी. पाणी कमी पडले तर द्रावण जास्त खारट होते आणि आजारी बाळाला ते अपायकारक ठरू शकते. घरात मोजपात्र नसते, तांब्या असतो. रेघा मारलेली बाटली ज्या मुलाने घरी नेली आहे, ते आधी पाकिटावरचा आकडा वाचते आणि मग बाटली सपाट जागेवर ठेवते.