कर्णाची थोरवी आणि कर्णाचा दोष

पलूस, कुंडल, किर्लोस्करवाडी या टापूतील एखाद्या शाळेच्या इमारत निधीचा समारंभ असो, की वाचनालयाला कपाट देणाऱ्या गृहस्थांचा सत्कार असो, प्रास्ताविक करणाऱ्या गुरुजींच्या तोंडी ‘दानशूर कर्ण’ आल्यावाचून राहत नाही. तोच कर्ण वक्तृत्व स्पर्धेत विद्यार्थ्यांच्या मुखाने पुन्हा उभा राहतो. मात्र तेथे तो दाता नसतो, जगाने नाकारलेला, पावलोपावली डावललेला अभागी वीर असतो. मराठी मनाने महाभारतातील दुसऱ्या कोणत्याही पात्रावर एवढी माया केलेली नाही. या मायेला कारण आहे आणि ते क्षुल्लक नाही. तथापि मायेच्या भरात आपण कर्णाकडून काहीतरी काढून घेतले आहे, आणि ते परत देण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली. रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ सालची. सावंतांच्या कादंबरीत निरनिराळी पात्रे स्वतःच्या तोंडाने आपापली कथा सांगतात आणि त्यांत मोठा वाटा कर्णाचा आहे. ही योजना कादंबरीकाराच्या दृष्टीने अचूक होती. कारण जो स्वतः बोलतो त्याच्या जखमेत वाचक जाऊन बसतो. तेथून त्याला इतरांच्या जखमा अंधुक दिसतात. ‘मृत्युंजय’ याच वर्षी इरावती कर्वे यांची ‘युगान्त’ही प्रसिद्ध झाली. तिच्यातील कर्णावरचा लेख करुणेने भरलेला असूनही कर्णाला सूट देत नाही. एकाच वर्षीच्या या दोन पुस्तकांपैकी आपण एक उराशी धरले आणि दुसरे अभ्यासाच्या कपाटात ठेवले.

येथे ग्रीकांच्या अकिलीसची आठवण होते. होमरच्या ‘इलियड’चा आरंभच मुळी या वीराच्या क्रोधापासून होतो. सेनापती अगॅमेम्नॉन याने भरसभेत त्याच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस हिरावून घेतली, म्हणून अकिलीस शस्त्र खाली ठेवून डेऱ्यात बसला. आपले लोक किनाऱ्यावर मरत असताना तो बसून राहिला. अपमान खरा होता आणि अन्यायही खरा होता. पण त्याची किंमत चुकवली ती ज्यांनी अपमान केला नव्हता अशांनी, आणि अखेर त्याचा जिवलग पॅट्रोक्लस याने. मग सूडाने पेटलेल्या अकिलीसने हेक्टरला मारले, त्याचे प्रेत रथाला बांधून फरफटत नेले. होमर यातले काही लपवीत नाही आणि कशाची सबबही सांगत नाही. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या डेऱ्यात येऊन मुलाला मारणारे हात चुंबतो, तेव्हा तोच अकिलीस आपल्या दूर राहिलेल्या बापाच्या आठवणीने रडतो आणि प्रेत परत देतो. आधी फरफट पाहिलेली असते म्हणूनच या अश्रूंना मोल येते.

आता कर्णाकडे पाहावे. भीष्मांनी युद्धाच्या तोंडावर त्याला ‘अर्धरथी’ म्हटले आणि कर्णाने भीष्म पडेपर्यंत शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा केली. दहा दिवस तो रणाबाहेर राहिला. अकिलीसपुढे दीर्घ पण अनाम आयुष्य आणि अल्प पण कीर्तिमान आयुष्य असे दोन मार्ग होते. कवचकुंडले मागायला इंद्र ब्राह्मणवेषाने येणार आहे असे सूर्याने बजावले, तेव्हा कर्णानेही प्राणापेक्षा कीर्ती पसंत केली. दोन देशांतील दोन कवींना वीरपुरुषाच्या अंतरंगात एकच गाठ दिसली. मानाची तहान हीच त्याची थोरवी आणि हाच त्याचा घात. (कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राकडून अमोघ शक्ती मागून घेण्याचा व्यवहार कर्णाने केला होता, हे आमच्या सत्काराच्या भाषणांत सहसा येत नाही!)

परंतु खरा प्रश्न द्यूतसभेचा आहे. धृतराष्ट्राच्या पुत्रांपैकी एकटा विकर्ण उठून द्रौपदीची बाजू घेतो. त्याला पोरकट ठरवून गप्प बसवणारा कर्ण आहे. पाच पतींच्या त्या स्त्रीला कुलटा म्हणणारा कर्ण आहे. तिची वस्त्रे उतरवून घे, असे दुःशासनाला सांगणाराही कर्णच आहे. यावर आमचे विद्यार्थी हमखास उत्तर देतात, की स्वयंवरात द्रौपदीने ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असे सांगून त्याचा अपमान केला होता. म्हणजे हिशेब पुरा झाला! आता पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, जिचे काम १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पुरे झाले, तिच्या मुख्य संहितेत हा नकाराचा प्रसंग नाही. काही हस्तलिखितांतला तो भाग संपादकांना मुळातला वाटला नाही, म्हणून त्याला तळटीपेची जागा मिळाली.

क्षणभर असे धरून चालू, की तो प्रसंग मुळातलाच आहे. तरी त्याने काय सिद्ध होते? रंगभूमीवर कृपाचार्यांनी कुळ विचारले, भीमाने ‘हाती चाबूक घे’ म्हणून हिणवले, ते घाव ज्यांनी घातले ते पुरुष शस्त्रधारी होते, सभेत समोरच बसले होते. त्यांच्यावरचा राग कर्णाने काढला तो त्या सभेत सर्वांत असहाय असलेल्या व्यक्तीवर. जन्मावरून माणसाला तुच्छ लेखणाऱ्या समाजात ज्याने आयुष्य काढले, त्याला अपमानाची चव सांगावी लागत नाही. आणि म्हणूनच त्याने ती दुसऱ्याला चाखवावी हे अधिक दुःखाचे आहे. वर्गात कर्ण शिकवताना शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. समोरच्या बाकांवर ज्यांना हिणवले गेले आहे अशी मुले असतात आणि मुलीही असतात. ‘त्याचे भोग पाहा, मग त्याचे कृत्य’ एवढेच सांगून आपण पुढे गेलो, तर त्यांतील अर्ध्यांना कोणता धडा मिळतो?

विशेष म्हणजे कर्ण स्वतः ही सबब सांगत नाही. शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला रथात घेऊन जन्माचे रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. त्या वेळचे कर्णाचे उत्तर महाभारतातील अत्युच्च स्थानांपैकी एक मानावे लागेल. अधिरथाने माझे जातकर्म केले, नाव ठेवले, लग्ने लावून दिली. राधेच्या स्तनांना माझ्यासाठी दूध आले. दुर्योधनाच्या आधाराने मी राज्य भोगले. आता सगळी पृथ्वी मिळाली तरी ही नाती मी तोडणार नाही, असे तो सांगतो. हे गुपित युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कारण कळले तर तो राज्य घेणार नाही, अशी विनंतीही करतो. आणि त्याच ओघात तो कबूल करतो, की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी जी कटू वचने बोललो त्यांचा मला आज पश्चात्ताप होतो. स्वयंवराचा उल्लेख नाही, जातीच्या घावाचा नाही. मित्राला बरे वाटावे म्हणून, एवढेच कारण. ज्या निष्ठेपायी त्याने राज्य नाकारले त्याच निष्ठेने त्याला सभेत नीच बोलायला लावले होते. त्याच्या वकिलांपेक्षा तो आपला न्यायनिवाडा अधिक चोख करतो. आपण त्याला निर्दोष ठरवतो, तेव्हा हा पश्चात्तापच त्याच्याकडून काढून घेतो.

वीरपुरुष ही गोष्ट या भागाला केवळ पोथ्यांतून ठाऊक आहे असे नाही. क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड यांचे प्रतिसरकार याच मातीत उभे राहिले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी गाडी तुफान सेनेने लुटली. या लोकांना ज्या घरांनी रात्री-अपरात्री भाकरी वाढली, त्या घरांना वीरालाही भूक लागते, राग येतो, भीती वाटते हे कोणी समजावून सांगावे लागले नसेल. वीर जवळून पाहणाऱ्याला त्याची मूर्ती करण्याची गरज भासत नाही.

युद्धातला कर्ण यापेक्षा निराळा नाही. कुंतीला दिलेल्या शब्दाखातर युधिष्ठिर, भीम, नकुल, सहदेव हाती सापडूनही तो त्यांना जिवंत सोडतो. आणि अभिमन्यूचे धनुष्य तोडणाराही तोच. सतराव्या दिवशी चाक रुतल्यावर त्याने धर्माची आठवण केली, तेव्हा कृष्णाने द्यूतसभेपासूनचा पाढा वाचला. कर्णाने लाजेने मान खाली घातली, काहीच उत्तर दिले नाही, असे व्यासांनी लिहिले आहे.

युद्ध संपल्यावर गंगातीरी मृतांना पाणी देताना कुंतीने सत्य सांगितले. त्यानंतर युधिष्ठिर नारदांना म्हणाला, की त्या सभेत कर्ण कठोर बोलत होता तेव्हा माझा संताप उसळत होता. पण नजर त्याच्या पायांकडे गेली आणि राग निवला. ते पाय आमच्या आईसारखे दिसत होते. असे का, याचा मी पुष्कळ शोध केला. कारण काही सापडले नाही.