घर नावावर करण्याआधी

आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी २००७च्या चरितार्थ व कल्याण कायद्याने मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकली आहे. लेक सासरी गेली म्हणून तिची सुटका होत नाही. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्येच, जुन्या फौजदारी संहितेखाली, हे स्पष्ट केले होते. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठांना वारस ठरणाऱ्या नातेवाइकाकडे निर्वाह मागता येतो.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. स्वतः जाणे जमत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीमार्फत किंवा संस्थेमार्फतही चालतो. निकालाची मुदत ९० दिवस, फार तर आणखी ३०. निर्वाहाची कमाल रक्कम मात्र महिना १०,००० रुपये. आजचा औषधांचा खर्च पाहता ती फारच तोकडी आहे.

सर्वांत मोलाचे कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर किंवा जमीन, अट मोडल्यास परत मिळू शकते. पण अट सिद्ध व्हावी लागते. ती नसल्याने २०२२मध्ये एका आईची बाजू सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २ जानेवारी २०२५च्या निकालात मात्र मध्य प्रदेशातल्या एका आईला मुलाच्या नावे केलेली मालमत्ता ताब्यासह परत मिळाली. म्हणून बक्षीसपत्रात ‘आयुष्यभर सांभाळ, औषधपाणी व राहण्याचा हक्क’ असे स्पष्ट लिहून घ्या. पोटच्या मुलाकडून काय लिहून घ्यायचे, असा संकोच इथे नको.

ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन : १४५६७