आतून पायजमा, वरून पँट

सटाण्यात थंडी वरून खाली मोजतात. आधी कानटोपी, मग मफलर, मग स्वेटर. पायांची पाळी शेवटी. देवमामलेदार यशवंत महाराजांची यात्रा मार्गशीर्ष वद्य एकादशीला, म्हणजे ऐन गारठ्यात भरते. त्या गर्दीतली गेल्या पन्नास वर्षांतली माणसं कमरेखाली न्याहाळली, तर थंडीचा वेगळाच इतिहास दिसतो.

सत्तरच्या दशकात म्हातारे धोतरात आणि तरुण टेरिकॉटच्या बेलबॉटममध्ये. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटानंतर मोहरी रुंदावतच गेली. टेरिकॉटला सुरकुती नाही, रात्री धुतलं की सकाळी वाळलेलं. पण कापड पातळ आणि मोहरीतून वारं थेट गुडघ्यापर्यंत! त्यावर उपाय घरातच होता: आतून पायजमा, वरून पँट. नाडीची गाठ पट्ट्याखाली टोचायची, बसताना अवघडायला व्हायचं. पण दोन कापडांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवायची. हल्ली यालाच ‘लेअरिंग’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

मग जीन्स आली. तांब्याच्या रिबिटांनी पक्क्या केलेल्या या पँटचं पेटंट अमेरिकेत १८७३ चं, आणि ती मुळात कष्टकऱ्यांची. १९९५ मध्ये अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’चं किट काढलं: कापड, चेन, बटणं, रिबिटं, लेबल, सगळं १९५ रुपयांत, शिवायचं आपल्याच शिंप्याकडून. जाड डेनिम मोटरसायकलवरचं वारं अडवायचं. मळ्यात मात्र तिची फजिती. वीज रात्रीची, कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीतली. त्यामुळे रात्री पाणी द्यायला दारं धरताना भिजलेली जीन्स जड होते, लवकर वाळत नाही आणि पोटरीला बर्फासारखी चिकटते. कष्टकऱ्यांची म्हणून जन्मलेली पँट इथे गावात मिरवायची झाली. पाण्यात उतरायला जुनी टेरिकॉटच बरी.

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस जिल्ह्यातच निफाडला पारा १.८ अंशांवर उतरला होता. अशा पहाटेला आतून मऊ अस्तर असलेली ट्रॅक पँट खरी कामाची. तिचाच पुढचा अवतार जॉगर: घोट्याशी इलॅस्टिक, म्हणजे बेलबॉटमच्या अगदी उलट. वारं शिरत नाही, चिखल लागत नाही, दुचाकीच्या साखळीत कापड जात नाही. गडद जॉगर, बूट आणि जाडसर जॅकेट एवढ्यावर पोरगा नीटनेटका दिसतो. तीच ट्रॅक कडक इस्त्रीच्या शर्टाखाली घालून लग्नाला जाणारेही आहेत. त्यांना थंडीची सबब पुरते.

शिंप्याकडे आता नवी पँट शिवायला येणारे कमी, रेडिमेडची उंची कमी करून घेणारे जास्त. जॉगरला तेवढंही लागत नाही.